पंधरा चौरस फुटांतली नवान्न पौर्णिमा : एका जेवणाच्या टेबलाचं प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीतलं दोन बेडरूमचं घर. जेवणाचं टेबल सहा माणसांसाठी म्हणून घेतलेलं, ५ फूट लांब, ३ फूट रुंद, वर गडद सनमायका. कोजागिरीच्या रात्री त्यावर बसणार आठजण: सासू-सासरे, नणंद आणि तिचे यजमान, त्यांची कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि घरचं जोडपं. सासर मूळचं रत्नागिरीकडचं, म्हणून या घरात ही पौर्णिमा आधी नवान्नाची आणि मग मसाले दुधाची. बेत गावाकडचा: पिठलं, भरली वांगी, तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा, काकडीची कोशिंबीर, वरण-भात, आणि रात्री दूध. घरच्या सुनेला टेबलही त्याच वळणाचं हवं होतं. पितळ, माती, घोंगडं, नव्या भाताच्या लोंब्या, लाल भोपळा, पणत्या.

यातली एकही वस्तू चुकीची नव्हती. तरीही आदल्या संध्याकाळी केलेली रंगीत तालीम पार फसली, आणि ती फसली म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं.

तालमीत काय झालं

पहिली मांडणी अशी होती. टेबलाच्या मधोमध लांबीभर काळं घोंगडं. त्यावर बरोबर मध्यभागी साडेतीन-चार किलोचा भोपळा, दोन्ही बाजूंना पितळी तांब्यांत उभ्या लोंब्या, अधेमधे सहा पणत्या आणि सगळीकडे झेंडूच्या पाकळ्या. भोवती घरातली नेहमीची १२ इंची स्टीलची आठ ताटं.

सासूबाई पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या. "अगं, पण मी वाढायला हात कुठून घालू?"

टेबल सजवताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर परदेशी शरद ऋतूतल्या मेजवान्यांची चित्रं असतात. तिथे अन्न एक तर ताटात वाढूनच येतं, नाहीतर भांडं हातोहात फिरतं. मधली जागा मोकळी, म्हणून ती सजवायची. आपल्याकडे जेवण संपेपर्यंत वाढप चालू असतं. भाकरी दोनदा, पिठलं तीनदा, तूप, मग भात, वर वरण. प्रत्येक वेळी एक हात आणि एक पळी ताटापर्यंत पोचली पाहिजे. या घरात तर टेबलाची एक लांब बाजू भिंतीपासून जेमतेम २ फुटांवर होती. तिथे बसलेल्या तिघांच्या मागून कुणी जाऊच शकत नव्हतं, त्यांना समोरूनच वाढावं लागणार होतं. म्हणजे पळी सजावटीवरून जाणार. तशी ती गेलीही. लोंब्यांना धक्का लागला, चार-पाच साळी पिठल्यात पडल्या आणि पळीतलं पिठलं घोंगड्यावर.

बाकीच्या तक्रारी त्यामागोमाग आल्या. पंखा चारवर होता, त्यामुळे सहापैकी चार पणत्या विझल्या आणि पाकळ्या कोशिंबिरीत गेल्या. ऑक्टोबरात ठाण्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे पाहुण्यांना घरी जा म्हणणं, तेव्हा तो उपाय नव्हेच. घोंगड्याला पावसाळाभर कपाटात राहिल्याचा ओलसर लोकरीचा वास होता, जेवणाच्या वाफेनं तो आणखी उठला. भोपळ्यामुळे समोरासमोरच्या दोघांना एकमेकांचे चेहरे दिसेनात. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली पितळ निस्तेज दिसत होतं आणि पिठलं हिरवट.

आधी ताटं, मग सजावट

दुरुस्ती टेपनं सुरू झाली. टेबल ६० इंच बाय ३६ इंच. लांब बाजूला तीन-तीन आणि टोकांना एकेक बसवलं, तर लांब बाजूच्या प्रत्येकाला २० इंच रुंदी मिळते. ही किमान आहे, त्याखाली कोपर कोपराला लागतं. ताट कडेपासून १ इंच आत ठेवायचं. १२ इंची ताटांनी हे गणित कोपऱ्यात अडतं: टोकाच्या माणसाचं ताट आणि त्याच्या शेजारचं बाजूचं ताट एकमेकांवर अर्धा इंच चढतात. तालमीत ताटं सारखी खडखडत होती ती यामुळेच, कुणाच्या वेंधळेपणामुळे नव्हे.

साडेदहा इंची ताटं घेतली की तोच कोपरा सुटतो आणि दोन ताटांत पावणेदोन-दोन इंच फट राहते. शेजारून तीन आणि नणंदेकडून दोन अशी ताटं जमवली, तीन घरात होती. वेगवेगळी दिसू नयेत म्हणून प्रत्येकात केळीच्या पानाचा ९ इंची गोल कापून बसवला. दोन मोठ्या पानांत आठ गोल निघाले. पान धुऊन, पुसून गॅसच्या मंद आचेवरून दोन्ही बाजूंनी झरकन फिरवायचं. रंग गडद होऊन चकाकी आली की ते लवचिक होतं, मग ताटाच्या काठाशी फाटत नाही. मधली जाड शीर मात्र गोलात घ्यायची नाही, तिच्यामुळे वाटी डुगडुगते.

आता सजावटीला उरलेली जागा मोजली: ३७ इंच लांब आणि १३ इंच रुंद पट्टा. एवढंच. पाणी पिण्याचे पेले दोन ताटांच्या मधल्या जागेत बसतात, त्यांना हा पट्टा लागत नाही.

या पट्ट्यातही वाढपासाठी वाटा सोडाव्या लागल्या. मोकळ्या बाजूच्या तिघांच्या खांद्यांमधल्या फटी टेबलाच्या टोकापासून २० आणि ४० इंचांवर येतात. वाढणारा हात तिथूनच आत शिरतो, दुसरीकडून शिरायला त्याला वावच नाही. म्हणून २० आणि ४० या खुणांवर मध्य धरून ६-६ इंचांच्या दोन मोकळ्या पट्ट्या ठेवल्या. त्यांत बसक्या वाट्यांपलीकडे काही नाही: एकीकडे ठेचा आणि लिंबाच्या फोडी, दुसरीकडे तूप आणि मीठ. उरलं काय, तर मध्यभागी १४ इंच आणि दोन्ही टोकांना साडेपाच-साडेपाच इंच. सजावट या तीन तुकड्यांत बसवायची होती.

पिठलं, वांगी आणि वरणाची पातेली टेबलावर आलीच नाहीत. शिलाई मशीनचं जुनं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी आणून त्यावर ती मांडली. टेबल भिंतीपासून आणखी ८ इंच ओढून घेतलं आणि भिंतीकडच्या बाजूला दोन्ही मुलांना बसवलं. ताट उचलून पुढे करायला त्यांना सांगता येतं, आजोबांना नाही सांगता येत.

मध्यभागी शोभेची वस्तू नको, भाकरीच ठेवा

या मांडणीतला सगळ्यात उपयोगी बदल दुरडीचा होता. मधल्या १४ इंचांत ९ इंच व्यासाची बांबूची दुरडी, तिच्यात जाड सुती पंचा आणि पंचात गुंडाळलेल्या भाकऱ्या. तांदळाची भाकरी उकळत्या पाण्यात पिठी घालून, उकड काढून, चांगली मळून केली की दीड-दोन तास मऊ राहते, त्यामुळे कुणाला तव्यापाशी उभं राहावं लागलं नाही. भाकऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या तर वाफेचं पाणी होऊन तळच्या दोन चिकट होतात. दुरडीच्या विणीतून वाफ बाहेर पडते, उरलेली ओल पंचा शोषतो. दुरडी नवी असेल तर आतून हात फिरवून बांबूच्या टोचणाऱ्या बारीक काड्या काढून टाकाव्यात आणि ती एकदा उन्हात ठेवावी.

दुरडीच्या दोन्ही अंगांना, १३ इंचांच्या रुंदीत दोन-दोन इंच उरतात. तिथे लोंब्यांची एकेक जुडी आडवी, टेबलाच्या लांबीच्या दिशेत ठेवली. एका जुडीत १५ ते २० काड्या, देठांसकट लांबी १२ इंच, दोन ठिकाणी सुतळीनं बांधलेली. लोंबी उभी खोचली की वाकते, आणि तिच्या टोकाखाली नेमकं कुणाचं तरी ताट असतं. आडवी ठेवली की गळालेली साळ कापडावरच राहते.

लोंब्यांविषयी थोडं सविस्तर, कारण बिघडतात त्या याच. दसऱ्याला ठाणे स्टेशनच्या परिसरात आणि जांभळी नाक्याच्या बाजारात तोरणांसाठी झेंडू, आपटा आणि लोंब्या विकायला येतात. दसरा अश्विन शुद्ध दशमीला, कोजागिरी पौर्णिमेला, म्हणजे मध्ये पाच दिवस मिळतात. लोंब्या वाळायला ते बरोबर पुरतात, दसऱ्यालाच घेऊन ठेवल्या तर. निवडताना दाणा नखानं दाबून पाहायचा. दूध निघालं तर लोंबी हिरवी आहे, ती सुरकुतून काळपट होईल. दाणा टणक पण काडी अजून थोडी हिरवट, ही योग्य अवस्था. पूर्ण पिवळी, कडकडीत काडी घेतली तर हात लावताच साळी गळतात.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस सकाळचं ऊन, नंतर सावलीत उलट्या टांगून, वारा लागेल अशा. जुड्या सैल बांधाव्यात. घट्ट बांधलेल्या जुडीच्या पोटात ओल राहते आणि आपल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी तिथे पांढरी बुरशी दिसते. टेबलावर घेण्याआधी वर्तमानपत्रावर जुडी तीन-चारदा हलकी आपटायची. सैल दाणे, कोंडा आणि लपलेले किडे तिथेच पडतात. काही जातींच्या भाताला कुसळं असतात, तशा लोंब्या टेबलावर घेऊच नयेत, दाराच्या तोरणाला वापराव्यात. कुसळ घशात गेलं की सगळी हौस फिटते.

कोकणात या दिवसांत ‘नवं’ बांधतात. लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल आणि घराघराच्या रीतीप्रमाणे आणखी काही आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला लावतात, कुठे दसऱ्याला, कुठे पौर्णिमेला. कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे या सुमारास रानात आणि शेताच्या बांधावर भरपूर असतात, आणि पाण्याशिवाय ते वाळले तरी आकार धरून राहतात. सुकी फुलं म्हणून महागडी आयात केलेली गवतं घेण्यापेक्षा हे तुरे कितीतरी चांगले. इथे टेबलाच्या एका टोकाच्या साडेपाच इंचांत छोटा पितळी तांब्या, त्यात ७-८ कुरडूचे तुरे आणि दोन लाल कोंबड्याची फुलं, सगळं मिळून उंची ९ इंच. १० इंचांच्या वर गेलं की बसलेल्या माणसाच्या नजरेआड समोरचा चेहरा येऊ लागतो.

दुसऱ्या टोकाला भोपळा, पण एक किलोच्या आतबाहेरचा, ५ इंच रुंद आणि ४ इंच उंच. न कापलेला. भोपळा कोरून आत दिवा ठेवण्याची टूम थंड देशात ठीक आहे, इथे कोरलेला भोपळा दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो आणि बुरशी धरतो. अख्खा मात्र देठ शाबूत असेल तर कित्येक आठवडे टिकतो. शेजारी सीताफळं ठेवायचा विचार होता. ती दिसतात देखणी, पण पिकायला आली की उकलतात आणि चिलटं बोलावतात, म्हणून ती बाद केली.

कापड

घोंगड्याऐवजी कोरा मांजरपाट. नव्या मांजरपाटात खळ असते आणि तो आटतो, म्हणून आधी रात्रभर भिजवून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच कापायचा. इथे १२ इंच रुंद आणि ६० इंच लांब पट्टी कापली, टेबलाच्या कडेशी संपणारी. खाली लोंबणारी झालर टोकाच्या माणसाच्या मांडीवर येते आणि उठताना ओढली जाते. कडा न दुमडता बाहेरची ८-१० सुतं ओढून अर्ध्या इंचाची झालर काढली आणि तिच्या आत साध्या धावदोऱ्याची एक ओळ घातली, नाहीतर जेवता जेवता मुलं सुतं ओढत बसतात. सनमायकावर सुती कापड सरकतं. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी शीट खाली घातली की पट्टी हलत नाही.

घोंगडं वाया गेलं नाही. दिवसभर कडक उन्हात टाकून, झटकून ते बाल्कनीतल्या बाकड्यावर अंथरलं. तिथे त्याला जेवणाशी काही देणंघेणं नव्हतं.

उजेड आणि वास

टेबलावर ज्योत ठेवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे, निदान वाळकी लोंबी आणि कापड हातभर अंतरात असताना. पणती मातीची असल्यानं तेल झिरपतं. तीन-चार तास पाण्यात भिजवून वाळवली तर कमी झिरपतं, थांबत नाही. सहा पणत्या पितळी परातीत मांडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, पडदा बाजूला बांधून. वाऱ्यासाठी काचेची चिमणी वापरली तर ती थेट पृष्ठभागावर टेकवू नये. खालून हवा मिळाली नाही की ज्योत काजळी धरून विझते. काठाखाली तीन नाणी सरकवली की तेवढी फट पुरते.

खरा फरक दिव्याच्या रंगानं पडला. जेवणघरातली ट्यूब ६५०० केल्विनची होती (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळसर). ती बंद करून शेजारच्या होल्डरमध्ये ९ वॅटचा २७०० केल्विनचा बल्ब लावला. पितळ, मांजरपाट, पिठलं, सगळ्यांना आपापला रंग परत आला. पाकिटावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं, पण केल्विनचा आकडा पाहूनच घ्यावा. सजावटीत एकच गोष्ट बदलायची असेल तर ती हीच.

झेंडू टेबलावरून पूर्ण काढला. त्याचा उग्र वास केशर-वेलदोड्याला दाबतो, आणि टपोऱ्या फुलांच्या पोटात बारीक किडेही असतात. १०-१२ फुलं उथळ पाण्यात सोडून परात दाराशी ठेवली. दसरा उलटल्यावर झेंडूचा भावही उतरलेला असतो, दारासाठी हवी तेवढी फुलं घ्या. निशिगंध तर जेवणाच्या खोलीत नकोच, रात्री त्याचा वास चढत जातो. उदबत्तीही जेवणाआधी तासभर विझलेली हवी.

पितळ चिंचेच्या कोळानं किंवा पितांबरीनं घासून कोरडं पुसलं. कल्हई नसलेल्या पितळेत ठेचा, लिंबू, दही यांपैकी काही ठेवायचं नाही. आंबट लागलं की पितळ उतरतं आणि पदार्थ कळकतो. त्या वाट्या दगडी घेतल्या.

दूध आणि चंद्र

दुधासाठी २०० मिलीचे आठ कुल्हड. नवा कुल्हड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवायचा, मग गरम पाणी भरून अर्धा तास पाहायचं. दहा आणले तर एखादा गळका निघतोच. चांगल्या कुल्हडाखालीही ओलसर कडं उमटतं, म्हणून ते कापडावर न ठेवता ट्रेमध्ये. उकळतं दूध ओतलं तर मातीची चव उतरते, जरा निवून ओतावं. २ लिटर म्हशीचं दूध दीड लिटरपर्यंत आटवलं, १४० ग्रॅम साखर, १० वेलदोडे, चिमूटभर जायफळ, केशराच्या १५-२० काड्या, ५० ग्रॅम बदाम-पिस्ते.

दुधात चांदणं पडायला हवं, आणि इथे बाल्कनीची दिशा महत्त्वाची ठरते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. पूर्वेकडच्या बाल्कनीत आठ ते दहाच्या दरम्यान तिरकं चांदणं आत येतं. मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं अडवतो. येऊरच्या डोंगराकडे, पश्चिमेला तोंड असलेल्या घरांना आठ ते दहाच्या वेळी गच्चीच गाठावी लागते. हे घर पूर्वेचं होतं, म्हणून जेवण साडेसातला आणि दूध साडेनऊला, बाल्कनीतच, घोंगड्यावर बसून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी गडगडून एखादी सर येते, तेव्हा पातेल्यावर बारीक जाळी झाकलेली बरी.

वेळ आणि आवरासावर

प्रत्यक्ष दिवशी मांडणीला तासभरही लागला नाही, कारण दुसरी तालीम सकाळीच रिकाम्या ताटांनी झाली होती. कुणीतरी प्रत्येक खुर्चीत बसून पाहायचं आणि एकानं रिकामी पळी घेऊन आठही ताटांपर्यंत पोचून दाखवायचं. दुपारी चारला कापड, दुरडी, भोपळा. सहाला फुलं आणि पानांचे गोल, त्याआधी कापले तर पंख्याखाली कडा वळतात. भाकऱ्या पावणेसातपर्यंत आटपल्या.

दुसऱ्या दिवशी भोपळ्याचे घारगे झाले, लोंब्या दाराच्या तोरणात गेल्या. मांजरपाटावर पिठल्याचे तीन डाग होते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरून ब्लीच ओततो, मग कोऱ्या कापडाचा मूळ रंगही जातो. साबण खळखळून काढला, लिंबाचं पाणी लावलं की लाली उतरून पुन्हा पिवळं दिसतं, आणि उरलेलं पिवळं दोन-तीन दिवसांच्या उन्हात विटतं. वांग्याच्या तेलाच्या डागावर मात्र धुण्याआधीच कोरडं बेसन चोळून अर्धा तास ठेवायचं. आधी पाणी लावलं तर तेल सुतात बसतं.